पूर ओसरल्यावर पैसा कुठून येतो? गरीब घर, हवामानाचा फटका आणि बचत-कर्ज-विम्याचे गणित

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, तेरणा आणि गोदावरीच्या काठची सोयाबीनची शेते पाण्याखाली गेली, अनेक ठिकाणी वरची सुपीक माती खरडून निघाली आणि गोठ्यातली जनावरे वाहून गेली. ७ ऑक्टोबर रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटी रुपयांचे मदत पॅकेज जाहीर केले. त्यानंतर मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात पारावरच्या बोलण्याचा विषय एकच होता: कुणाच्या खात्यावर किती आले, कुणाचे ई-केवायसी अडकले आणि पीक विम्याचा हप्ता भरलेला असताना भरपाई लगेच का मिळत नाही. वर्तमानपत्रांतले कोटींचे आकडे आणि घरातल्या रिकाम्या डब्यांची स्थिती यांचा मेळ कुणालाच लागत नव्हता.

हा मेळ का लागत नाही हे समजून घ्यायचे तर बचत, कर्ज, विमा आणि सरकारी मदत ही चार साधने हवामानाच्या फटक्यानंतर नेमके काय काम करतात आणि कुठे कमी पडतात, हे पाहावे लागते. यातल्या पहिल्या तिन्हींना अर्थतज्ज्ञ ‘वित्तीय सेवा’ म्हणतात. सरकारी मदत ही काटेकोर अर्थाने वित्तीय सेवा नाही, पण ती आता बँक खात्यातूनच येत असल्याने तिलाही इथे सोबत घेतले आहे. या साधनांची खरी किंमत रकमेपेक्षाही पैसा कोणत्या आठवड्यात हातात पडला यावर ठरते, असे माझे मत आहे आणि पुढचे विवेचन त्याच अंगाने केले आहे.

## पाणी चार दिवसांत ओसरते, मग घर का सावरत नाही?

समजा, धाराशिव जिल्ह्यात एक कुटुंब आहे. दोन एकर कोरडवाहू जमीन, त्यात सोयाबीन, दावणीला एक दुभती म्हैस, नवरा-बायको दोघेही हंगामात दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जातात आणि मुलगी नववीत शिकते. पीक काढणीला आले असताना अतिवृष्टी झाली. पहिले नुकसान उघड आहे: पीक गेले. दुसरे नुकसान कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. गावात कुणाचेच सोयाबीन काढण्याजोगे उरले नाही, त्यामुळे काढणीची मजुरी बुडाली. तिसरे असे की त्याच पंधरवड्यात खर्च वाढला. भिजलेला कडबा सडला म्हणून चारा विकत घ्यायचा, पडलेली भिंत उभी करायची, तापाच्या साथीत दवाखाना करायचा आणि एवढ्यावर रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याचे बियाणेही आणायचे.

एरवी घरात आजारपण आले तर भाऊबंद, शेजारी आणि ओळखीचा किराणा दुकानदार सांभाळून घेतात. हवामानाच्या फटक्यात नेमका हाच आधार सुटतो, कारण हातउसने देणाऱ्याचेही पीक गेलेले असते आणि उधारी लिहून घेणाऱ्या दुकानदाराकडे शंभर घरांची उधारी थकलेली असते. एका घराचे संकट आणि अख्ख्या पंचक्रोशीचे संकट यांत हा फरक आहे आणि या विषयातल्या बहुतेक अडचणी याच फरकातून निघतात.

मग म्हैस आठवडी बाजारात जाते. त्याच आठवड्यात आणखी वीस जणांनी जनावरे आणलेली असतात, त्यामुळे एरवी ८०,००० रुपयांना जाणारी म्हैस समजा ५०,००० ला जाते. दुधाचे रोजचे पैसे बंद होतात. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला की सगळेच पुन्हा जनावरे शोधू लागतात आणि भाव चढतो. म्हणजे पडत्या भावात विकायचे आणि चढत्या भावात घ्यायचे, किंवा पुन्हा घ्यायचेच नाही. पुराने केलेल्या नुकसानात या नाइलाजाच्या विक्रीने भर घातली, आणि ही भर कित्येकदा मूळ नुकसानापेक्षा मोठी असते. मुलीची शाळा सुटणे हेही त्याच जातीचे नुकसान आहे, फक्त ते कुणी रुपयांत मोजत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे उचल. ऊसतोडीचा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला, गळीत हंगामाआधी रोख रक्कम देतो आणि ती पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची असते. फिटली नाही तर पुढच्या हंगामात. बँक, विमा कंपनी आणि तहसील कार्यालय या तिघांपेक्षा मुकादम वेगवान असतो, त्याला कागद लागत नाहीत आणि तो घरी येऊन पैसे देतो. पुढे ज्या साधनांची चर्चा केली आहे त्यांची स्पर्धा मुकादमाशी आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

## हंडा, हौद आणि टँकर

पाणीटंचाईच्या गावात रोजच्या गरजेला घरातला हंडा पुरतो. चार-सहा दिवस नळाला पाणी आले नाही तर हौदातले काढतात. विहिरीच आटल्या तर बाहेरून टँकर यावा लागतो. रोजच्या चहासाठी टँकर मागवणे परवडत नाही आणि हंड्याच्या भरवशावर उन्हाळा निघत नाही. पैशाचेही असेच आहे. लहान आणि वारंवार येणाऱ्या अडचणींना बचत, मधल्या अडचणींना कर्ज आणि क्वचित येणाऱ्या पण अख्खे घर हादरवणाऱ्या संकटाला विमा, अशी ही रचना असते.

सगळ्याच नुकसानीला विमा का काढू नये, याचे उत्तरही यातच आहे. द्यावी लागणारी भरपाई आणि त्यावर कार्यालय, पाहणी, नफा यांचा खर्च, एवढा पैसा विमा कंपनीला हप्त्यांतूनच गोळा करावा लागतो. जे नुकसान दर दोन वर्षांनी होते त्याचा विमा म्हणजे आपलेच पैसे वर्षभर दुसऱ्याकडे ठेवून, त्यातून खर्च वजा करून परत घेणे. पंधरा-वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या महापुराचा विमा मात्र कुठलीही बचत करू शकणार नाही ते काम करतो.

## गरिबाकडे उरतेच काय, की तो बचत करील?

हा आक्षेप जुना आहे आणि महाराष्ट्रातल्या बायकांनी त्याचे उत्तरही कधीच देऊन ठेवले आहे. नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला, तेव्हा तो पाचशे गटांचा प्रयोग होता. पुढे महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, आणि राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजे ‘उमेद’, यांच्यामार्फत तो राज्यात गावोगावी पोचला. गटाची बैठक भरते, सतरंजीवर सचिव ताई इतिवृत्त आणि खातेवही उघडतात, प्रत्येकीची ठरलेली बचत गोळा होते आणि त्याच बैठकीत कुणाला किती कर्ज द्यायचे ते ठरते. दवाखान्यासाठी दोन-तीन हजार रुपये त्याच दिवशी हातात पडतात. इथले व्याज गटाचेच उत्पन्न असते. सावकाराच्या शेकडा पाच रुपये महिन्याचा, म्हणजे वर्षाला साठ टक्क्यांचा, हिशेब ज्यांनी भोगला आहे त्यांना यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक याच विचारातून १९९७ मध्ये उभी राहिली. चेतना गाला सिन्हा आणि माण तालुक्यातल्या बायकांनी रिझर्व्ह बँकेकडे परवाना मागितला तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर आहेत म्हणून अर्ज नाकारला गेला होता. त्या शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात माणदेशी फाउंडेशनने म्हसवडला जनावरांसाठी चारा छावणी उघडली. वरवर पाहता छावणीचा बँकिंगशी संबंध नाही. पण गरीब घराची सर्वांत मोठी ठेव बँकेत नसते, ती दावणीला बांधलेली असते, आणि दुष्काळात ती पडेल भावात मोडावी लागू नये यासाठी चारा पुरवणे हे ठेवीचे रक्षणच आहे.

बचत गटाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दहा-बारा बायका एकाच गावच्या असतात, त्यामुळे पूर आला की सगळ्यांना एकाच आठवड्यात पैसे लागतात आणि गटाच्या खात्यात तेवढे नसतात. अशा वेळी पैसा फटका न बसलेल्या ठिकाणाहून यावा लागतो. मुलगा चाकणला कंपनीत असेल, दीर मुंबईत असेल, तर आज फोनवरून मिनिटभरात पैसे येतात. पूर्वी मनीऑर्डर यायची किंवा गावाकडे निघालेल्या कुणाच्या हाती पाठवावे लागत. ही सोय वाटते त्यापेक्षा मोठी आहे. केनियात २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सेवा सुरू झाली, आणि तिथल्या एका अभ्यासात असे आढळले की आजारपण किंवा पीकबुडीसारख्या फटक्यानंतर ही सेवा न वापरणाऱ्या घरांचा खर्च सरासरी सात टक्क्यांनी घटला, तर वापरणाऱ्या घरांचा जवळपास घटला नाही. सेवेने कुणालाही पैसा दिला नव्हता. दूरच्या नातेवाइकाचा पैसा लवकर आणि कमी खर्चात पोचवला, एवढेच.

## बुडत्याला कर्ज देणे म्हणजे आणखी बुडवणे नाही का?

कधी कधी तसेच होते. सूक्ष्मवित्त संस्था, म्हणजे तारण न घेता लहान कर्जे देणाऱ्या आणि आठवड्याला किंवा महिन्याला हप्ता वसूल करणाऱ्या संस्था, बहुतेक वेळा वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक व्याज घेतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले तारणविरहित कर्ज या प्रकारात येते आणि कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक होता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण ज्या महिन्यात उत्पन्नच शून्य आहे त्या महिन्यात निम्मे म्हणजे किती, हा प्रश्न हप्ता मागायला आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही.

पीक कर्जाच्या बाबतीत थोडी अधिक सोय आहे. नैसर्गिक आपत्तीत पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले असेल तर बँका कर्जाचे पुनर्गठन करू शकतात, म्हणजे यंदा भरायचे कर्ज पुढच्या काही वर्षांत हप्त्यांनी भरायची मुभा देतात. त्यामुळे खाते थकबाकीत जात नाही आणि नवे पीक कर्ज मिळण्याचा मार्ग खुला राहतो. गावात पुनर्गठनाविषयी बरेच गैरसमज आहेत. पुनर्गठन म्हणजे माफी नव्हे, मुद्दल आणि व्याज दोन्ही उभेच असतात. आणि कर्जमाफी होईल या आशेवर पुनर्गठन टाळणारे शेतकरी दरवेळी भेटतात. त्यांचा अंदाज कधी बरोबरही ठरतो, त्यामुळे त्यांना दोष देणे सोपे नाही.

कर्जाचा सर्वांत उपयोगी प्रकार मला बांगलादेशात दिसतो. तिथल्या ब्रॅक या संस्थेने काही शाखांत चांगली परतफेड करणाऱ्या कर्जदारांना पावसाळ्याआधीच कळवून ठेवले की तुमच्या भागात पूर आला तर तुम्हाला तातडीचे कर्ज मिळेल, जुने कर्ज चालू असले तरीही. अभ्यासकांनी याची तुलना इतर शाखांशी केली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पूर आल्यावर या घरांची आबाळ कमी झाली, हे अपेक्षितच होते. विशेष असे की पूर येण्याआधीच, केवळ हमी आहे म्हणून, त्यांनी शेतीत अधिक गुंतवणूक केली. भीतीपोटी हात आखडता घेणे हाही हवामानाच्या फटक्याचा खर्च असतो आणि तो पाऊस नीट पडलेल्या वर्षीही भरावा लागतो.

## हप्ता भरला, पीक गेले, तरी विमा का मिळत नाही?

आता सर्वांत किचकट भागाकडे येऊ. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू आहे. तिच्यात शेतकऱ्याने खरीप पिकासाठी विमासंरक्षित रकमेच्या, म्हणजे पीक पूर्ण गेल्यास मिळू शकणाऱ्या कमाल भरपाईच्या, दोन टक्के, रब्बीसाठी दीड टक्के आणि नगदी व फळपिकांसाठी पाच टक्के भरायचे असतात. हप्त्याचा उरलेला भाग केंद्र आणि राज्य सरकार भरते. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्साही स्वतः उचलला आणि ‘एक रुपयात पीक विमा’ सुरू झाला. बोगस अर्जांचा सुळसुळाट आणि तिजोरीवरचा बोजा यांमुळे २०२५ च्या खरिपापासून तो बंद होऊन पुन्हा दोन टक्क्यांचा हप्ता आला.

भरपाई कशी ठरते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. विमा तुमच्या शेताचा नसतो, तुमच्या महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या अनेक गावांच्या गटाचा असतो. मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या उत्पादनाची सरासरी काढतात. समजा ती हेक्टरी १,५०० किलो आली. जोखीमस्तर, म्हणजे या सरासरीच्या जेवढ्या हिश्श्यापर्यंत विम्याचे संरक्षण असते ते प्रमाण, ७० टक्के असेल तर १,५०० चे ७० टक्के, म्हणजे १,०५० किलो, हे ‘उंबरठा उत्पन्न’ ठरते. मग यंदा मंडळातले काही प्लॉट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडून तिथे पीक कापणी प्रयोग होतात: ठरावीक मापाचा चौकोन आखायचा, त्यातले पीक कापायचे, मळायचे, वाळवायचे आणि वजन करायचे. या प्रयोगांची सरासरी ७३५ किलो आली तर घट ३१५ किलोंची, म्हणजे उंबरठ्याच्या ३० टक्के. विमासंरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० असेल तर भरपाई १५,००० रुपये. सरासरी १,०५० किंवा त्याहून अधिक आली तर भरपाई शून्य.

यातून दोन गोष्टी निघतात आणि बहुतेक भांडणे याच दोन गोष्टींची असतात. पहिली, नदीकाठचे तुमचे शेत पूर्ण वाहून गेले तरी मंडळातल्या माळावरच्या शेतांनी सरासरी राखली तर तुम्हाला काहीच मिळत नाही. दुसरी, कापणी, मळणी, वजन, आकडेवारीची तपासणी आणि कंपनीची हरकत एवढे सगळे झाल्याशिवाय हिशेबच लागत नाही, म्हणजे रब्बीची पेरणी उलटून जाते.

या दोन्हींवर पूर्वी योजनेत उपाय होते. पुराने, गारपिटीने शेताचे नुकसान झाले तर ७२ तासांत पूर्वसूचना देऊन वैयक्तिक पंचनामा करून घेता येत असे. हंगामाच्या मध्येच मंडळातले अपेक्षित उत्पन्न उंबरठ्याच्या निम्म्याहून खाली जाईल असे दिसले तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्के रक्कम आगाऊ मिळे, तीच ती ‘पंचवीस टक्के अग्रीम’. गैरप्रकार याच भागांत अधिक होत होते आणि खर्चही इथेच वाढत होता, म्हणून राज्याने २०२५ च्या खरिपापासून हे जादा संरक्षण काढून केवळ पीक कापणी प्रयोगावर आधारित भरपाई ठेवली. सरकारची तिजोरीची अडचण समजण्यासारखी आहे. पण विम्याचा जो भाग लवकर पैसे देत होता तोच काढला गेला आणि त्याच हंगामात सप्टेंबरचा पूर आला. उरला तो विमा चुकीचा नाही, तो उशिरा येणारा आहे, आणि म्हैस विकायची की नाही हा निर्णय त्याची वाट पाहत थांबत नाही.

## विमा कंपन्याच गब्बर होतात, हे खरे का?

चांगल्या पावसाच्या वर्षी हप्ता गोळा होतो आणि भरपाई कमी जाते, त्यामुळे तसे दिसते. वाईट वर्षी उलट होते. यावर तोडगा म्हणून बीड जिल्ह्यात २०२० मध्ये एक पद्धत आली, तिला ‘बीड पॅटर्न’ म्हणतात. समजा कंपनीकडे १०० रुपये हप्ता जमला. भरपाई ८० रुपयांपेक्षा कमी गेली तर कंपनीने २० रुपये स्वतःकडे ठेवायचे आणि उरलेले सरकारला परत करायचे. भरपाई ११० रुपयांच्या वर गेली तर वरचा भार सरकारने उचलायचा. नफ्याला वरून आणि तोट्याला खालून मर्यादा घातल्याने कंपनीवरचा राग काहीसा शमतो. मात्र सरासरी बरोबर काढली गेली का, पैसे कधी आले, या प्रश्नांना ही पद्धत स्पर्श करीत नाही.

## पंचनाम्याशिवाय विमा देता येतो का?

येतो. त्याला निर्देशांकावर आधारित विमा म्हणतात. त्यात नुकसान मोजतच नाहीत. पाऊस, तापमान किंवा हिरवळ यांचा आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की पैसे आपोआप जमा होतात. त्या मर्यादेला आपल्याकडे सगळे ‘ट्रिगर’ म्हणतात, आणि कोकणातल्या आंबा बागायतदारांना किंवा जालन्याच्या मोसंबी उत्पादकांना तो चांगलाच परिचित आहे, कारण हवामानावर आधारित फळपीक विमा असाच चालतो. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवलेली आहेत आणि त्यांच्या नोंदींवर भरपाई ठरते.

भारतात पावसावर आधारित अशा विम्याचा पहिला प्रयोग २००३ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यात झाला. बेसिक्स ही संस्था आणि आयसीआयसीआय लोम्बार्ड यांनी तो केला होता. वेग हा या विम्याचा मोठा गुण. दोष असा की पर्जन्यमापकावर पाऊस पडला आणि पाच किलोमीटरवरच्या शिवारात पडला नाही, तर नुकसान होऊनही ट्रिगर लागत नाही. हप्ता भरूनही वाईट वर्षी हात रिकामे राहणे हे विमा न काढण्यापेक्षाही वाईट, कारण हप्त्याचे पैसेही गेलेले असतात. त्यामुळे असा विमा ऐच्छिक ठेवला आणि पूर्ण हप्ता मागितला, तर तो फार थोडे लोक घेतात, हा जगभरचा अनुभव आहे.

तरीही जिथे आकडा आणि नुकसान जुळतात तिथे परिणाम दिसतो. केनियाच्या उत्तरेकडच्या मार्साबिट भागात २०१० पासून गुराख्यांच्या जनावरांचा विमा आहे, आणि उपग्रहातून दिसणाऱ्या कुरणांच्या हिरवेपणावर त्याचा ट्रिगर ठरतो. २०११ च्या भीषण दुष्काळात भरपाई मिळाली तेव्हा, बऱ्यापैकी जनावरे असलेल्या विमाधारक घरांत नाइलाजाने जनावरे विकण्याचे प्रमाण कमी राहिले आणि त्याहून गरीब घरांत जेवणाला कात्री लावण्याचे.

बांगलादेशात २०२० च्या जुलैमध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले गेले. जमुना नदीला मोठा पूर येणार असा अंदाज आल्यावर जागतिक अन्न कार्यक्रमाने २३,००० हून अधिक कुटुंबांना प्रत्येकी ४,५०० टका बिकॅश या मोबाइल खात्यावर पाठवले, पाणी सर्वोच्च पातळीला पोचण्याच्या आधी. त्या पैशात लोकांनी अन्न भरून ठेवले, जनावरे हलवली. पैसे मिळालेल्या घरांत दिवसभर उपाशी राहण्याची वेळ कमी जणांवर आली आणि काही महिन्यांनंतरही त्यांची स्थिती इतरांपेक्षा बरी होती. रक्कम लहान होती, पण ती वेळेआधी आली.

## सरकार मदत देतेच, मग हा खटाटोप कशाला?

केंद्राच्या निकषांनुसार कोरडवाहू पिकाच्या नुकसानीला हेक्टरी ८,५०० रुपये मिळतात, दोन हेक्टरपर्यंत. २०२५ च्या पॅकेजमध्ये राज्याने मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी आणखी १०,००० जोडले. ही रक्कम काही दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पण मदत हा हक्क नसतो, ती प्रत्येक वेळी जाहीर व्हावी लागते, आणि ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. बटाईने जमीन करणारा, किंवा नवऱ्याच्या नावच्या जमिनीत राबणारी बाई, त्या यादीत नसते. यादीत नाव असले तरी त्या यादीतला आपला विशिष्ट क्रमांक मिळवायचा, सेवा केंद्रात जाऊन अंगठा द्यायचा, आधार जोडलेले खाते भलत्याच बँकेत निघाले तर तिथे खेटे घालायचे, हे सगळे पूर आलेल्या गावात, जिथे वीज आणि नेटवर्क दोन्ही गेलेले असतात. जमा झालेली मदत बँकेने कर्जखात्यात वळती करू नये असे आदेश सरकार दरवेळी काढते. दरवेळी काढावे लागतात यातच काय ते आले.

एक छोटी गोष्ट इथेच सांगण्यासारखी आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला दोन लाख मिळतात. पुरात वाहून जाणे यात धरले जाते. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप जातो आणि त्या वेळी खात्यात २० रुपये नसले तर ऐन पावसाळ्याच्या तोंडावर संरक्षण खंडित होते. मराठवाड्यात आणि विदर्भात पावसाळ्यात माणसे कशी जातात हे पाहता मेमध्ये पासबुक भरून घेणे अगत्याचे आहे.

## ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचे काय?

वर सांगितलेल्या बहुतेक साधनांची दारे सातबाऱ्यातून उघडतात. शेतमजुराचे पीक जात नाही, त्याचा रोज जातो, आणि बुडालेल्या रोजाचा पंचनामा होत नाही. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना मोठी केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला, तो याच प्रश्नावरचा उपाय होता. काम मागा, मजुरी घ्या, हा एक प्रकारे मजुरीचा विमाच आहे. पण रस्त्याचे किंवा पाझर तलावाचे काम अतिवृष्टीत चालत नाही आणि ४४ अंशांच्या उन्हातही चालू नये.

उन्हाच्या बाबतीत अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने एक वाट दाखवली आहे. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये असंघटित महिला कामगारांची ही संघटना उभारली. २०२४ च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५०,००० सदस्य महिलांसाठी तापमानावर आधारित विमा काढला गेला. महिलेने भरायचा वाटा २५० रुपयांचा. ज्या जिल्ह्यांत मे महिन्यात पारा ठरलेल्या मर्यादेवर गेला तिथल्या ४६,००० हून अधिक महिलांना १५१ ते १,६५१ रुपयांपर्यंत रक्कम मिळाली, आणि याखेरीज प्रत्येकीला उष्म्याच्या काळात ४०० रुपयांची रोख मदत दिली गेली. मिठागरात, वीटभट्टीवर किंवा भाजीच्या हातगाडीवर राबणाऱ्या बाईसाठी ४०० रुपये म्हणजे साधारण एका दिवसाचा रोज. दुपारी घरी थांबले तरी चूल पेटेल, एवढीच त्याची मर्यादा आणि एवढाच त्याचा उपयोग.

याच वर्षाआधी, २०२३ मध्ये, गुजरातच्या पाच जिल्ह्यांत २१,००० महिलांसाठी असाच विमा होता आणि त्या उन्हाळ्यात ट्रिगर लागलाच नाही. बायकांना ऊन लागले होते, विम्याच्या आकड्याला ते पुरेसे वाटले नाही. मर्यादा खाली आणली, जिल्ह्यागणिक वेगळी केली आणि वर ठरावीक रोख रकमेची जोड दिली, तेव्हा पुढच्या वर्षी काम झाले. मात्र या विम्याच्या हप्त्याचा मोठा भाग देणगीदार संस्थांनी भरला होता, आणि ऊन वाढत जाईल तसा हप्ताही वाढत जाणार आहे. आपल्याकडे मंडळागणिक हवामान केंद्रे आहेत, गावोगावी बचत गटांची खाती आहेत आणि त्यांत भूमिहीन बायका सदस्य आहेत, म्हणजे पैसा पोचवण्याचा मार्ग तयार आहे. दर वर्षी पूर आल्यावर जाहीर होणाऱ्या मदतीतला एक हिस्सा आधीच, हप्त्याच्या रूपाने, शेतमजुरांसाठी भरायचा का, हे राज्य सरकारला अर्थसंकल्पात ठरवावे लागेल. आजवर तशी तरतूद पीक असलेल्यांसाठीच झालेली आहे.